सिस्टरने नवऱ्याला पाच मिनिटं बाहेर का बसवलं?

आमच्या सोसायटीतला एक तरुण परवा माझ्यापाशी तक्रार घेऊन आला. त्याच्या बायकोला पाचवा महिना लागलाय. दर तपासणीला तो अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर जातो, सोनोग्राफीचे रिपोर्ट तारखेप्रमाणे फायलीत लावतो, लोहाच्या गोळीचा गजरसुद्धा त्याच्याच मोबाइलवर वाजतो. या खेपेला वजन आणि बीपी घेऊन झाल्यावर सिस्टर त्याला म्हणाल्या, "दादा, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा." कारण काही सांगितलं नाही. बायको बाहेर आल्यावर त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "घरी सगळं कसं आहे, कोणाची भीती वाटते का, असं विचारत होत्या."

"म्हणजे मी हिला मारतो असं वाटलं का त्यांना?" त्याचा चेहरा खरंच उतरला होता.

तसं त्यांना वाटलं नव्हतं. बीपी वाढलं तरी दुखत नाही, म्हणून बाई सांगेल याची वाट न बघता प्रत्येकीच्या दंडाला पट्टा बांधतात. तेव्हा आपण असं म्हणत नाही की सिस्टरने माझ्या बायकोवर संशय घेतला. घरातल्या मारहाणीचंही तसंच आहे. ती बाहेरून दिसत नाही, बाई आपणहून सांगत नाही आणि पोटातल्या बाळाला तिचा त्रास होतो. त्या सिस्टरने जे केलं ते पुण्यातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात रोज व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. का, ते जरा सविस्तर सांगते.

हिंसा म्हणजे फक्त मार का?

नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा चार प्रकार सांगतो: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यातल्या बाईलाही तो लागू होतो. आणि या कायद्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे, जी फार कमी लोकांना ठाऊक असते: मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून बाईला टोमणे मारणं, हिणवणं हीसुद्धा हिंसाच आहे.

गर्भारपणात हे चारही प्रकार कसे दिसतात? थप्पड, ढकलणं, केस ओढणं, पोटात लाथ. डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना रात्री जबरदस्ती. "हे माझंच कशावरून?" हा प्रश्न. सोनोग्राफीला पैसे न देणं, किंवा हिंजवडीत चांगल्या पगारावर असलेल्या बाईचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असणं. गर्भलिंग तपासून घे म्हणून मागे लागणं हा तर छळही आहे आणि १९९४ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

परदेशातल्या पुस्तकांत याला जोडीदाराकडून होणारी हिंसा म्हणतात. आपल्याकडे त्यात सासू, सासरे, दीर यांचीही भर पडते, म्हणून सिस्टरचा प्रश्न फक्त नवऱ्यापुरता असून भागत नाही. "घरी कोणाची भीती वाटते का?" असा तो असावा लागतो.

पोटुशीला कोण मारेल?

हा प्रश्न भल्या माणसांना पडतो, आणि तो पडतो म्हणूनच हा विषय झाकला जातो. आपल्याकडे गर्भवतीचे डोहाळे पुरवतात, ओटी भरतात, तिला जड बादली उचलू देत नाहीत. मग मार कसा असेल?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात १८ ते ४९ वयाच्या विवाहित (किंवा कधीतरी विवाहित असलेल्या) बायकांपैकी सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. गर्भार असताना मार खाल्ल्याचं ३.१ टक्के बायकांनी सांगितलं. तीन टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण ओपीडीच्या बाकांवर साठ बायका बसल्या असतील, तर सरासरीने त्यांतल्या दोघींनी कुठल्या ना कुठल्या गर्भारपणात मार खाल्लेला असणार. शिवाय हा आकडा फक्त शारीरिक मारापुरता आहे. टोमणे, उपासमार, जबरदस्ती त्यात धरलेली नाही.

याच पाहणीतली आणखी एक गोष्ट मला आकड्यापेक्षा मोलाची वाटते. हे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारतात, आणि तिच्याशी एकटीने बोलायला मिळालं तरच विचारतात. आडोसा मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात. इतकी काळजी घेऊनही हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी तोवर ती कोणालाच सांगितलेली नव्हती आणि कुठे मदतही मागितलेली नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये अनेक देशांतल्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गर्भारपणातल्या मारहाणीचं प्रमाण जपानमधल्या शहरात १ टक्का, तर पेरूच्या ग्रामीण भागात २८ टक्के निघालं. मार खाल्लेल्यांपैकी पाव ते निम्म्या बायकांच्या पोटावरच बुक्की किंवा लाथ बसली होती. मारणारा बहुतेक वेळा त्याच बाळाचा बाप होता.

असं का होतं याचं एकच एक उत्तर नाही. बऱ्याच घरांत मार आधीपासूनच चालू असतो आणि दिवस राहिले म्हणून थांबत नाही. काही ठिकाणी तो तेव्हाच सुरू होतो: खर्च वाढतो, बाई शरीरसंबंधाला नाही म्हणते, तिचं लक्ष स्वतःकडे आणि बाळाकडे जातं, संशय डोकं वर काढतो. "पोर झालं की सुधारेल" हे वाक्य किती आयांनी किती लेकींना सांगितलं असेल! मूल होणं हे काही मारहाणीवरचं औषध नाही.

बाळापर्यंत हे कसं पोचतं?

दोन वाटांनी. पहिली सरळ आहे. पोटावर जोराचा मार बसला तर वार, म्हणजे बाळाला रक्त पुरवणारी नाळेच्या टोकाची गादी, गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटू शकते. रक्तस्राव होतो, बाळाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका होतो. गर्भपात, दिवस भरण्याआधी कळा सुरू होणं हेही यातून घडतं.

दुसरी वाट वळणाची आहे आणि जास्त बायका त्याच वाटेवर असतात. सतत धास्तीत राहणाऱ्या शरीरात ताणाची संप्रेरकं वाढलेली राहतात. झोप नाही, जेवण नीट नाही. नाव उशिरा नोंदवलं जातं, तपासण्या चुकतात, कारण घराबाहेर पडायलाच परवानगी लागते. काही जणी ताण सोसायला मिश्री लावतात, आणि तंबाखूने बाळाचं वजन घटतं. कमी वजनाचं बाळ, बाळंतपणानंतरचं नैराश्य, अंगावर पाजणं लवकर सुटणं हे सगळं अशा घरांत जास्त आढळतं. आपण मात्र तिला "हिमोग्लोबिन वाढत का नाही, पालेभाजी खात जा" एवढंच सांगून परत पाठवतो. पालेभाजी तिच्या ताटात पडते का, हे विचारत नाही.

हे काम सिस्टरचंच का?

"सुईण आहे तोवर बाळंत होऊन घ्यावं," असं जुनी माणसं म्हणायची. जाणती बाई हाताशी आहे तोवर काम उरकून घे, असा त्याचा अर्थ. आज ती जाणती बाई म्हणजे लेबर रूमची सिस्टर, उपकेंद्राची नर्सबाई, आणि दारोदार फिरणारी आशाताई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातली शंभरातली ८८-८९ बाळंतपणं दवाखान्यात होतात. म्हणजे ज्या बाईला पोलीस ठाण्याची पायरी चढता येत नाही, वकील माहीत नाही, माहेरी फोन करायचा तर शेजारी नवरा बसलेला असतो, तीसुद्धा नऊ महिन्यांत काही वेळा तरी सरकारी किंवा खासगी, कुठल्या तरी सिस्टरसमोर बसतेच. घरच्यांच्या परवानगीने ती जाऊ शकते अशी तिच्यासाठी बहुधा तेवढी एकच जागा असते.

डॉक्टर दोन मिनिटं भेटतात. सिस्टर वजनकाट्यावर उभी करते, दंडाला पट्टा बांधते, पडद्याआड पोट तपासायला झोपवते, साडीच्या निऱ्या सैल करायला सांगते. पाठीवरचा वळ, मांडीवरचा काळानिळा डाग पहिल्यांदा तिलाच दिसतो. मारणारे पुष्कळदा कपड्यांखाली झाकलं जाईल अशाच जागी मारतात.

पण डोळ्यासमोर असूनही दिसतंच असं नाही. माझी मावशी तीस वर्षं पुण्यातल्याच एका प्रसूतिगृहात सिस्टर होती. निवृत्त होऊनही तिला बरीच वर्षं झाली, तरी एक बाई तिच्या मनातून जात नाही. डोहाळजेवण नुकतंच झालेलं होतं, डाव्या हातात हिरव्या बांगड्यांचा चुडा भरलेला. उजव्या हातात मात्र दोनच बांगड्या, आणि मनगटावर तीन-चार बारीक ओरखडे. मावशीने विचारलं, "बांगड्या कुठे गेल्या गं?" बाई म्हणाली, "वाढल्या, बसमध्ये गर्दीत." बरोबर नवरा उभा होता. मावशीने केसपेपरवर बीपी लिहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. त्या बाईची पुढची तारीख आली, पण बाई आली नाही. बाळंतपणालाही त्या दवाखान्यात आली नाही.

आपल्या भाषेत बांगडी फुटत नाही, ती 'वाढते'. कुंकू पुसत नाहीत, तेही 'वाढवतात'. अशुभ बोलू नये म्हणून केलेली ही सोय आहे, आणि याच सोयीच्या आड त्या बाईचं मनगट लपलं. मावशी म्हणते, "मला ओरखडे दिसले होते गं. पण दिसल्यावर पुढे काय करायचं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं."

मग सिस्टरला याची 'जाणीव' असणं म्हणजे नेमकं काय?

मावशीच्या या बोलण्यातच त्याचं उत्तर आहे. गर्भवतीला घरी मार बसू शकतो हे माहीत असणं, ही पहिली पायरी. त्याच्या खुणा दिसणं ही दुसरी. दिसल्यावर न घाबरता विचारता येणं आणि पुढचं पाऊल ठाऊक असणं ही तिसरी. बहुतेक सिस्टर पहिल्या पायरीवर असतात. त्या याच समाजातल्या बायका आहेत, कित्येकींनी स्वतःच्या घरीही हे पाहिलंय, काहींनी सोसलंय. स्वतःच्या जखमेवर खपली असताना दुसरीला विचारणं सोपं नसतं, आणि प्रशिक्षणात याचीही दखल घ्यायला हवी. वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीतच, ठरावीक कारणांपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्याने मारलं तर चालतं, असं देशातल्या ४५ टक्के बायकांनी सांगितलं होतं. एप्रन घातला म्हणून ही समजूत आपोआप गळून पडत नाही.

दुसरी पायरी सरावाची आहे. तांदूळ निवडायची सवय असलेल्या हाताला खडा बरोबर लागतो, नवख्याच्या हातून तोच खडा भातात जातो. खुणा एकेकट्या पाहिल्या तर साध्या असतात: नाव फार उशिरा नोंदवलं, तारखा चुकतात, कारण न सापडणारी पोटदुखी, वारंवार लघवीची जळजळ, जखम आणि तिची हकीकत जुळत नाही, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नवरा किंवा सासू देते आणि बाई उत्तर देण्याआधी त्यांच्याकडे बघते. यातली एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे. पण तीन-चार एकत्र आल्या की निवडणाऱ्या हाताने थांबायला हवं.

विचारायचं कसं?

"घरी काही त्रास नाही ना?" असं आपण सहज विचारतो. या प्रश्नात उत्तर आधीच भरून ठेवलेलं आहे. 'नाही ना' म्हटलं की समोरची 'नाही' म्हणते आणि दोघीही सुटतात. प्रश्न सरळ हवा, आणि त्याच्या आधी एक वाक्य हवं: "ताई, आम्ही इथे येणाऱ्या सगळ्यांनाच हे विचारतो, कारण याचा बाळाच्या तब्येतीशी संबंध असतो. घरी कोणी तुमच्यावर हात उचलतं का? कोणाची भीती वाटते का?" एवढं पुरतं. आवाज रोजचा, बीपी सांगताना असतो तसा.

हे तिला एकटीलाच विचारायचं. नवऱ्यासमोर विचारणं म्हणजे तिला घरी जाऊन मार खायला लावणं आहे. सासूसमोर, नणंदेसमोर, बोलत्या मुलासमोरही नाही. परप्रांतातल्या बाईला भाषा येत नसेल तर दुभाषा म्हणून नातेवाईक नको. पुण्यात बांधकामावरच्या कितीतरी बायकांची मराठी-हिंदी दोन्ही कच्ची असते, आणि बरोबर आलेला एकमेव माणूस नवराच असतो. तिथे दुसऱ्या कर्मचारी बाईची मदत घ्यावी लागते. त्या तरुणाला बाहेर बसवलं होतं ते याच नियमाने, जो सगळ्यांना सारखा लागू आहे. ब्रिटनमध्ये प्रत्येक गर्भवतीला निदान एकदा तरी एकटीला भेटायची संधी द्यावी, अशी तिथल्या प्रसूतिसेवेला सूचनाच आहे.

आणि ती 'हो' म्हणाली तर? जागतिक आरोग्य संघटना याला प्रथमोपचारासारखं काम मानते. टाके घालणारा दुसरा असतो, तोवर रक्त थांबवायचं. सिस्टरने ऐकून घ्यायचं, मध्ये तोडायचं नाही. "तू काय बोललीस म्हणून मारलं?" हा प्रश्न कधीही नाही. "यात तुझी चूक नाही, तू सांगितलंस ते बरं केलंस," हे तोंडाने म्हणायचं. तिला आत्ता काय हवंय ते विचारायचं, आणि आज घरी जाणं सुरक्षित आहे का याचा अंदाज घ्यायचा. गळा दाबला होता का, हत्यार दाखवलं का, जिवे मारायची धमकी दिली का, मार वाढत चाललाय का: यातलं काही असेल तर धोका मोठा आहे. गर्भार असताना मारणं हीच मुळात मोठ्या धोक्याची खूण मानतात. शेवटी तिला पुढच्या मदतीशी जोडून द्यायचं.

"सोडून दे त्याला" हा सल्ला द्यायचा नाही. घर सोडण्याचा काळ पुष्कळदा सगळ्यांत धोक्याचा असतो, आणि निर्णय तिचा आहे. नवऱ्याला बोलावून समजूत घालायचीही नाही. ते प्रेमाने केलं तरी त्याचा हिशोब घरी तिलाच चुकवावा लागतो.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. माता-बाल संरक्षण कार्डावर यातलं काही लिहायचं नाही, कारण ते कार्ड घरी जातं आणि घरात सगळे ते उघडून बघतात. नोंद दवाखान्याच्या कागदांत करायची, तिच्याच शब्दांत, जखम कुठे आणि केवढी ते मोजून. तिच्या मोबाइलवर न विचारता फोन करायचा नाही, मेसेज तर नाहीच.

"हा घरातला मामला आहे, दवाखान्याचा काय संबंध?"

कायद्याने संबंध जोडून दिलाय. २००५ च्या कायद्यानुसार पीडित बाईने, किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने (या कायद्यासाठी नेमलेला सरकारी अधिकारी), उपचार मागितले तर दवाखान्याने ते द्यायचे आहेत. आधी तक्रारीचा अहवाल भरलेला नाही या कारणावरून तिला परत पाठवता येत नाही. अहवाल नसेल तर दवाखान्यानेच तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा आणि तपासणीच्या कागदांची प्रत तिला फुकट द्यायची, असं नियमांत आहे. कोणीही चांगल्या हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला माहिती दिली, तर त्याच्यावर त्याची कसली जबाबदारी येत नाही.

पुणेकरांना आणखी एक आठवण. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी याच शहरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या गर्भवती विधवांना तिथे गुपचूप येऊन सुखरूप बाळंत होता येत असे. त्या काळी याला 'घरातला मामला' म्हणणारे कमी नव्हते.

"बायका दुखावतील. आणि खोट्या तक्रारींचं काय?"

एकटीला, आपुलकीने आणि कारण सांगून विचारलं तर बहुसंख्य बायकांना त्याचं वाईट वाटत नाही, असंच ठिकठिकाणच्या अभ्यासांत दिसलं आहे. ज्यांच्या घरी सगळं ठीक असतं त्या 'नाही' म्हणतात आणि विषय संपतो. माझ्या शेजाऱ्याच्या बायकोला काहीच वाटलं नव्हतं, वाईट वाटलं ते त्याला.

खोट्या तक्रारींचा मुद्दा इथे लागूच होत नाही, कारण सिस्टरने विचारणं म्हणजे पोलिसांत तक्रार नव्हे. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या छळाचं फौजदारी कलम, जे आधी ४९८-अ होतं आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ वं झालं, ते वेगळं. २००५ चा कायदा मुख्यतः संरक्षण देणारा आहे: मारू नये असा आदेश, घरातून बाहेर काढू नये असा आदेश, खर्चाची सोय. त्यासाठी तिला घर सोडावं लागत नाही. सज्ञान बाईच्या मर्जीशिवाय सिस्टरने काही पुढे रेटायचं नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवायला हवा. गर्भवती मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लग्न झालेलं असलं तरी. म्हणून "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन सिस्टरने आधीच देऊ नये.

"विचारल्याने मार थांबतो का?"

सगळ्यांत अवघड प्रश्न हाच आहे. जगभरचे अभ्यास एकत्र पाहिले तर असं दिसतं की विचारल्यामुळे जास्त बायका ओळखू येतात, पण नुसत्या विचारण्याने हिंसा कमी झाल्याचा ठोस पुरावा नाही. म्हणूनच सरसकट सगळ्यांना विचारा, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. २०१६ च्या तिच्या शिफारशी सांगतात की खुणा किंवा हिंसेशी जोडलेला आजार दिसला तर गर्भतपासणीत जरूर विचारा, पण प्रशिक्षण, एकांत, गुप्तता आणि पुढे पाठवायची सोय असेल तिथेच. ब्रिटनसारखे देश सगळ्यांना विचारतात.

माझं मत सगळ्यांना विचारण्याच्या बाजूचं आहे. फक्त संशय येईल तिलाच विचारायचं ठरलं, तर आपण वस्तीतल्या बाईला विचारू आणि बाणेरच्या फ्लॅटमधल्या बाईला सोडून देऊ, कारण संशय कपडे बघून येतो. पण अट तीच: मागची सोय उभी असल्याशिवाय नाही. बीपीचा पट्टा बीपी उतरवत नाही, गोळी उतरवते. पट्टा आहे आणि गोळ्यांचं कपाट रिकामं आहे, असं चालणार नाही.

ही सोय अशक्य नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि सेहत संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. रुग्णालयाच्या आतच समुपदेशक बसते, आणि सिस्टर बाईला हाताला धरून तिच्यापर्यंत नेते. मुंबईच्या पालिका रुग्णालयांत गर्भवतींना असं एकांतात विचारलं, तेव्हा राष्ट्रीय पाहणीपेक्षा कितीतरी जास्त जणींनी 'हो' म्हटलं. मिरज आणि औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही डॉक्टर-नर्सना याचं शिक्षण देऊन पाहिलं गेलं आहे.

"सिस्टरला वेळ कुठे आहे?"

वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. एका सिस्टरपुढे सकाळभर रांग असते आणि रजिस्टरं वेगळी. तिच्या माथी आणखी एक रकाना मारून हे होणार नाही. माणसं वाढवावी लागतील, निदान एक पडदा आणि एक खुर्ची असलेला कोपरा द्यावा लागेल. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने खास प्रसूतितज्ज्ञ परिचारिका तयार करण्याचं धोरण आणलं, त्यांना अठरा महिन्यांचं जादा शिक्षण द्यायचं ठरलं. हा विषय त्यांच्या शिक्षणात पक्का बसवला तर पुढच्या पिढीला माझ्या मावशीसारखं म्हणावं लागणार नाही.

पुण्यात कुठे जायचं?

तातडीला ११२. महिला हेल्पलाइन १८१. जिल्ह्यात सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथे समुपदेशन, तात्पुरता निवारा आणि कायद्याची मदत एकाच ठिकाणी मिळते. महिलांच्या तक्रारींसाठी पुणे पोलिसांचा भरोसा सेल आहे. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी आहेत. शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील फुकट मिळतो, तिची मिळकत कितीही असली तरी. त्यांचा फोन १५१००. नंबर मोबाइलमध्ये ठेवायचा तर दुसऱ्याच नावाने ठेवावा, आणि कॉल केल्यावर यादीतून पुसावा.

माहेरचा सव्वा महिना

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या-आठव्या महिन्यात पुण्याची मुलगी लातूरला, बीडला, सोलापूरला जाते, आणि ज्या सिस्टरवर तिचा विश्वास बसला होता ती सुटते. नव्या दवाखान्यात सगळं पहिल्यापासून. पण याच प्रथेची दुसरी बाजूही आहे. कित्येकींच्या बाबतीत वर्षा-दीड वर्षात हे पहिलेच दिवस असतात, जेव्हा ती नवऱ्याच्या नजरेआड झोपते.

म्हणून माहेरच्या एका तरी बाईने, आईने नाही तर मावशीने किंवा वहिनीने, तिला एकटीला गाठून तोच सरळ प्रश्न विचारावा. 'नाही ना' न लावता. ती पहिल्यांदा नाही म्हणाली तर वाद घालू नये, आठवड्याने पुन्हा विचारावं. हो म्हणाली तर "आता मूल झालंय, सांभाळून घे" हे वाक्य गिळून टाकावं. तिला परत जायचं असेल तर आधी काही गोष्टी ठरवून ठेवाव्यात: फोनवर कुठला शब्द उच्चारला की निघून यायचं, तिच्या शेजारच्या कुठल्या घरात रात्री दार वाजवता येईल, थोडे पैसे कुठे ठेवायचे. आणि आधार, बँकेचं पासबुक, तपासणीचं कार्ड, बाळाच्या जन्माची नोंद यांच्या प्रती काढून माहेरच्या कपाटात ठेवाव्यात. मूळ कागद तिच्याबरोबर सासरी जातील.